राखेचा कोंडवाडा

हवेच्या प्रदूषणामुळे देशाचं वर्षाला किती नुकसान होतं, तो आकडा मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्यात इतकी शून्यं आहेत की एका वर्षी दोन शून्यं कमी पडली तरी वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मुलं आकडा वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि पास होतात. सौंसरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागून मला तीस वर्षं होत आली. पण त्या आकड्याचा अर्थ मला कळला तो मागच्या एप्रिलमध्ये, रामाकोन्याजवळच्या एका गावात, प्रेमलता रेवतकर यांच्या घराच्या स्लॅबवर. गावाचं नाव मी सांगणार नाही. ज्यांची फजिती पुढे सांगायची आहे, ते सगळे मला सौंसरच्या बाजारात भेटतात.

सुरुवात त्यांच्या मुलीपासून झाली. प्रणाली माझ्याकडे शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक पाहणी करावी लागते. मी तिला विषय दिला होता, हवेच्या प्रदूषणामुळे गावातल्या घरांचं होणारं नुकसान. चाळीस घरं, एका पानाचा छापील फॉर्म. पंधरा दिवसांनी तिने गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. चाळीसच्या चाळीस फॉर्मवर एकच उत्तर होतं, शून्य.

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे कॉलेजच्या शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "घरी बसून भरलेत ना?"

"नाई सर, खरंच गेलती मी घरोघरी," ती म्हणाली. "लोकं काय म्हनतात, प्रदूषण दिल्लीले राहते. आपल्याइकडं कुठी हाय?"

"तुझ्या स्वतःच्या घरचाही फॉर्म शून्यच आहे."

"आई म्हने, टाक शून्य. मले टाइम नाई, मी कुरोड्या करून राहिली."

मी ठरवलं, स्वतः जाऊन बघायचं. चोरी पकडायचीच होती मला. रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि साडेसातला रेवतकरांच्या दारात उभा राहिलो. दारात कुणी नव्हतं. वरून बायकांचा हसण्याचा आवाज येत होता आणि शिजलेल्या गव्हाचा वास. मी हाक मारली, तर स्लॅबच्या कठड्यावरून एक गोल चेहरा खाली डोकावला. कपाळावर घाम, नाकाच्या शेंड्यावर पीठ.

"सर ना तुम्ही? प्रणालीनं सांगतलं होतं येतीन म्हनून. या, वरतेच या. मले खाली येता येत नाई, चीक गंजात हाय."

प्रेमलताबाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. बांधा ठेंगणा, हात मजबूत. बोलणं भरभर आणि मध्ये मध्ये स्वतःच्याच बोलण्यावर हसणं. मला त्यांनी बसायला पाट दिला नाही, नमस्कारही केला नाही. आधी एका वाटीत गरम चीक घातला, वर साखर आणि तेलाची धार, आणि वाटी माझ्या हातात दिली.

"खाऊन घ्या पयले. मंग विचारा काय विचाराचं ते."

कुरडयांचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून त्याचा पांढरा चीक काढायचा. तो रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून टाकायचं आणि पहाटे मोठ्या गंजात मीठ घालून शिजवायचा. गरम असतानाच साच्यात भरून दाबायचा, की खाली कापडावर त्याची जाळीदार चकती पडते. साचा दाबायला दंडात ताकद लागते. म्हणून गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जातात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मजुरी कुणी घेत नाही, वाटीभर चीक तेवढा मिळतो. तो खाल्ल्यावर माझा निम्मा राग उतरला.

पण यंदाचं काम नेहमीचं नव्हतं. गावातल्या सात बायकांचा एक समूह होता. महाराष्ट्रात त्याला बचत गट म्हणतात, आमच्याकडे मध्य प्रदेशात समूह. प्रेमलताबाई त्याच्या अध्यक्ष. नागपूरच्या एका दुकानवाल्या बाईंनी या समूहाला चाळीस किलो कुरडयांचं काम दिलं होतं. वीस एप्रिलला त्या स्वतः न्यायला येणार होत्या. माल पसंत पडला तर दरवर्षीचं काम पक्कं. अट एकच, कुरडई पांढरी स्वच्छ पाहिजे. एक काळा डाग दिसला तर सगळा माल परत.

"सव्वीस साल झाले मले या स्लॅबवर वाळवण घालून," त्या मला म्हणाल्या. "नन्देच्या घरी गेल्या कुरोड्या, दिराच्या घरी गेल्या, लेकराइच्या मास्तरनीले गेल्या. पन विकत कोनी मागितल्या नाई कधी. पयल्यांदाच कोनी मागितल्या ना सर. मी सगळ्या गावाले सांगून बसली."

हे सांगताना त्यांच्या हातात एक सुई होती. समोर सुपात कालच्या कुरडया होत्या, अर्धवट वाळलेल्या, आणि त्या एकेक उचलून सुईच्या टोकाने काहीतरी टिपून काढत होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक कुरडईवर काळ्या पातळ पापुद्र्याचे कण चिकटलेले. काढायला गेलं की कण विरघळायचा आणि पांढऱ्या जाळीत काजळाची रेघ उमटायची.

"हे काय?"

"नरवाई."

नरवाई म्हणजे गहू काढल्यावर शेतात उरतात ती खुंटं. हार्वेस्टरने गहू काढला की ती वीतभर उंच राहतात, आणि लोक सरळ काडी लावून मोकळे होतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे दिवसभर कुठून ना कुठून धूर दिसतो. नेमके हेच दिवस वाळवणाचे.

"मग झाकून का नाही ठेवत?"

"ओली कुरोडी लुगड्याले चिकटते जी. घरात ठेवली तं आंबते. तिले ऊनच पाहिजे."

"आतापर्यंत किती खराब झाल्या?"

त्यांनी कोपऱ्यातली टोपली दाखवली. आठ किलोतल्या पाच. त्या घरी तळून खायच्या, उरल्या तर म्हशीला.

मी खिशातून फॉर्म काढला. त्यांचाच. "आणि इथे तुम्ही शून्य लिहिलंत."

त्यांनी फॉर्मकडे पाहिलं, मग टोपलीकडे, मग माझ्याकडे. वेड्या माणसाकडे बघावं तशा. "हे कायचं नुकसान? हे तं दरसालचं हाय. ऊन येते, वारा येते, राख येते."

आता मला शिकवायला कारण मिळालं आणि मी शिकवायला लागलो. काम एक करतो, फायदा त्याला होतो, आणि खर्च दुसऱ्याच्या अंगावर पडतो. असा खर्च कुणाच्याच हिशेबात येत नाही. तो सगळा गोळा केला की फळ्यावरचा तो आकडा होतो. हे वर्गात सांगायला मला तीन तास लागतात. तिथे मी दहा मिनिटांत उरकलं. साचा दाबणारी स्मिता नावाची एक बाई तोंडात पदर धरून हसत होती. प्रेमलताबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हनजे कोंडवाडा."

मी म्हटलं, "काय?"

"कोंडवाडा जी. मोकाट ढोरं कोंडाचे तो."

त्यांच्या सासऱ्यांचा एक बैल होता, पांढऱ्या. दावं तोडण्यात पटाईत. एका रात्री तो शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरला आणि सकाळपर्यंत पाव एकर साफ केला. शेजाऱ्याने बैल नेऊन गावच्या कोंडवाड्यात घातला. सासरे सोडवायला गेले तर पंचांनी चराई मागितली, म्हणजे बैल जितकं चरला तितकी भरपाई. सासऱ्यांकडे तेव्हा द्यायला काही नव्हतं. ते दोन दिवस शेजाऱ्याच्या शेतात निंदायला गेले, तेव्हा पांढऱ्या घरी आला. 'मी काय त्याले तिकडं धाडलं होतं?' असं सासरे तेव्हा म्हणाले नाहीत. कोंडवाड्यात ते बोलणं चालतच नसे.

"तं राख कोनी सोडली, त्याची चराई त्यानं द्याची," प्रेमलताबाई म्हणाल्या. "इतकंच ना सर? का अजून काई हाय?"

अजून काही नव्हतं. तीस वर्षं जे मी घोळवून घोळवून सांगत आलो, ते या बाईंनी साचा पुसता पुसता एका शब्दात सांगितलं. मला स्वतःची थोडी लाज वाटली आणि आनंद खूप झाला. असा आनंद मास्तराला क्वचित मिळतो. म्हणून मग पुढच्या दोन आठवड्यांत मी पाच वेळा त्या गावी गेलो. चीक खायला जात होतो, असं माझी बायको म्हणते.

दुसऱ्या दिवसापासून प्रणालीला एक काम लागलं. स्लॅबवर उभं राहायचं आणि कुठे धूर निघाला की मोबाइलवर त्याचं शूटिंग करायचं, वेळेसकट. माझी पाहणी पंधरा दिवसांत जेवढी पुढे गेली नव्हती, तेवढी एका सकाळीत गेली. आणि प्रेमलताबाई डागी कुरडयांचं सूप घेऊन निघाल्या पहिल्या घरी, कुलदीपच्या.

कुलदीप हा गल्लीच्या टोकाचा तरुण शेतकरी. स्वतःचा ट्रॅक्टर, केसांना जेल, कानात सतत काहीतरी वाजणारं. त्याच्या दारात जाऊन बाईंनी सूप पुढे धरलं आणि व्हिडिओ दाखवला. त्याला गंमत वाटली.

"काकू, राख काय माह्या दावनीची गाय हाय? वारा नेईन तिकडं जाते ते."

"गाय बी पाय नेतीन तिकडं जाते रे. म्हनून काय मालक सुटते?"

कुलदीपच्या आजीने आतून हे ऐकलं आणि ती बाहेर आली. तिला कोंडवाडा चांगला आठवत होता. तिने सुपातली एक कुरडई उचलली, उजेडात धरली आणि नातवाला म्हणाली, "जाय, देऊन ये चराई. आपल्या घरचं ढोर होतं ते."

चराई म्हणजे पैसे नव्हेत, हे प्रेमलताबाईंनी आधीच ठरवलं होतं. पैसे मागितले असते तर भांडण लागलं असतं आणि कुरडया तशाच राहिल्या असत्या. ज्याच्या शेतातली राख आली, त्याने एक दिवस स्लॅबवर येऊन साचा दाबायचा. पहाटे पाच ते नऊ. सोबत वाटीभर चीक.

दुसऱ्या पहाटे कुलदीप आला. त्याच्यामागे दोन दिवसांत आणखी दोघे आले, एक तर सोसायटीचा संचालक. गावात ही बातमी अशी पसरली की सकाळी दूध घालायला जाणारी माणसं मुद्दाम त्या गल्लीतून जायला लागली. पुरुषांनी कुरडया पाडायच्या, ही गंमत कुणी कधी पाहिली नव्हती. कुलदीपची पहिली कुरडई पडली ती कुणाला उंदीर वाटली तर कुणाला सौंसर तालुक्याचा नकाशा. "साचाच वाकडा हाय," तो म्हणाला. स्मिताने साचा त्याच्या हातातून घेतला, एक गोल जाळीदार कुरडई पाडली आणि साचा परत दिला. म्हणाली, "नाचता येईना, अंगन वाकडं."

हे सगळं चालू असताना खाली ओट्यावर बसून चहा पीत सगळ्यात जास्त हसत होते ते रामाजी. प्रेमलताबाईंचे यजमान. पंचावन्न वर्षांचा उंच, मोकळा, बोलका माणूस. आपल्या सल्ल्याशिवाय गावातलं एकही लग्न लागत नाही, अशी त्यांची समजूत. बायकोच्या समूहाचं त्यांना कौतुक होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "आमच्या घरची बाई कलेक्टर झाली आता. साऱ्या गावाले कोंडवाड्यात टाकून राहिली."

त्यांचा स्वतःचा दोन एकर गहू होता, बाकी संत्र्याची बाग. गहू निघाला होता. नरवाई उभी होती.

त्यांनी काय केलं ते बायकोच्या भल्यासाठीच केलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांनी विचार केला, राख उडते ती वाऱ्याने. वारा सुटतो नऊ-दहाला. मग पहाटे चारला, हवा झोपलेली असताना, आपली नरवाई पेटवून मोकळं व्हावं. बायका वाळवण घालायच्या आत सगळं थंड होऊन जाईल, कुणाला पत्ता लागणार नाही, आणि प्रेमलताच्या मागची एक काळजी कमी. त्यांचं शेत घराच्या अगदी मागे, नाल्याला लागून. बारा तारखेच्या पहाटे ते हळूच उठले आणि काडी लावून आले.

हवा झोपलेली होती हे खरं. त्यामुळे धूर कुठे गेलाच नाही. तो गावावर कांबळ्यासारखा पडून राहिला. अंधारात बायकांना वास आला, पण लांब कुठेतरी पेटलं असेल असं त्यांना वाटलं. वर गेलेली राखही तिथेच टांगून राहिली. सात वाजता ऊन पडलं, हवा जरा हलली आणि ती सगळी राख सावकाश, एकेक पापुद्रा करून, रेवतकरांच्या स्लॅबवर उतरली. कापडावर त्या वेळी नुकत्याच पाडलेल्या नऊ किलो ओल्या कुरडया होत्या. त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं काम.

त्या सकाळी मी तिथे होतो. बायका हात थांबवून उभ्या राहिल्या. कुलदीपची एका दिवसाची चराई कधीच फिटली होती, तरी तो हौसेने रोज येत होता. त्याने कठड्यावरून मागे पाहिलं. नाल्याच्या अलीकडे काळं चौकोनी शेत, अजून धुमसणारं. कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. प्रणालीने मोबाइल खाली केला. सगळे प्रेमलताबाईंकडे बघायला लागले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. नऊ किलो गेले, आठ दिवस उरले, आणि पुन्हा गहू भिजत घालायचा म्हणजे त्यातले चार तसेच जाणार. शिवाय तीन घरी जाऊन चराई मागून आलेली बाई. दिव्याखाली अंधार, असं गाव म्हणणार, आणि गावाचं काही चुकणार नव्हतं. स्मिता म्हणाली, "जाऊ दे वो काकू. घरचाच मानूस हाय."

प्रेमलताबाईंनी पदराने डोळे पुसले. सूप भरलं. जिना उतरल्या. पण घरात गेल्या नाहीत. ओसरीवरून सरळ रस्त्यावर गेल्या, मागे वळल्या आणि आपल्याच दारासमोर, परक्या माणसासारख्या उभ्या राहिल्या. आणि मोठ्या आवाजात हाक मारली.

"रामाजी रेवतकर घरी हायेत काय?"

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात, डोहाळजेवणात उखाण्यात घेतलं तर तेवढंच. सव्वीस वर्षं त्यांनी 'अजी' म्हणून हाक मारली होती किंवा 'प्रणालीचे बाबा'. त्या दिवशी भर रस्त्यात, दूधवाले थांबलेले, कुलदीपची आजी ओट्यावर बसलेली, आणि त्यांनी नाव घेतलं. आडनावासकट.

आत कपबशी वाजली. रामाजी बाहेर आले. सुपाकडे बघितलं, बायकोच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि ओट्यावरून खाली उतरले. मग म्हणाले, "हाय. घरी हाय. माहीच राख होय ते."

"नऊ किलोची हाय चराई."

"मंग उरलेले सारे दिवस मीच दाबतो साचा."

त्यांनी शब्द पाळला. दुपारीच दोन पायली गहू भिजत पडला. स्मिताच्या आणि आणखी एका बाईच्या घरी त्यांच्या पाळीसाठी गहू आधीच भिजलेला होता, तो त्यांनी आणून दिला, त्यामुळे चार दिवस रिकामे जायचे वाचले. रोज पहाटे पाचला रामाजी डोक्याला पंचा गुंडाळून स्लॅबवर हजर. त्यांच्या कुरडया जाड पडायच्या. प्रेमलताबाई म्हणायच्या, "कुरोडी हाय का गोवरी?" ते दुसरी पाडायचे. तिसऱ्या दिवशी बरी पडायला लागली, तर त्यांनी ती स्वतः हातात धरून खाली गल्लीत फिरवून आणली.

आणि खरी गंमत सोळा तारखेला झाली. उन्हात बसून, पाठ मोडून, रामाजींनी त्या दिवशी दोनशे कुरडया पाडल्या होत्या. त्यांनी मोजल्या होत्या. साडेआठला नाल्यापलीकडे कवडू नावाच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धुराची एक बारीक रेघ उठली. बायकांच्या लक्षात यायच्या आधी रामाजींनी ती पाहिली. साचा टाकला, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले आणि चप्पल न घालता पळत सुटले. मागे कुलदीप. आम्ही कठड्यावरून बघत होतो. पंचावन्न वर्षांचा तो माणूस धोतराचा सोगा हातात धरून नाला ओलांडत होता आणि ओरडत होता. वाऱ्यावर शब्द स्पष्ट येत होते.

"कवडू, इझव ते. माह्या कुरोड्या हायेत वरते."

माझ्या कुरडया. प्रेमलताबाई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. "आयका," त्या बायकांना म्हणाल्या. "त्याइच्या कुरोड्या हायेत म्हने. सव्वीस साल माह्या होत्या."

कवडूने आग विझवली. विझवायला या दोघांनीच मदत केली. उरलेल्या नरवाईवर कुलदीपने आपला ट्रॅक्टर घातला आणि ती मातीत पलटवून दिली. त्याला एक सकाळ लागली. बदल्यात कवडूकडून त्याने काय घेतलं ते मला माहीत नाही, पण संत्र्यांचं एक पोतं स्लॅबवर आलं आणि आम्ही सगळ्यांनी ते संपवलं. नंतरच्या दिवसांत गावात कुणी काडी लावली नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. आपली आई, बायको, वहिनी आपल्या दारात उभी राहून आपलं नाव घेईल, ही धास्ती प्रत्येकाला होती.

वीस तारखेला नागपूरच्या बाई आल्या. एका पांढऱ्या कापडावर त्यांनी कुरडया पसरल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला, वीस-पंचवीस कुरडया उजेडात धरून पाहिल्या. सात बायका भिंतीला टेकून उभ्या. रामाजी दारात. शेवटी बाई म्हणाल्या, "डाग कुठेच नाही. पण या काही एवढ्या जाड कशा?"

"त्या घरच्या खायाच्या हायेत," प्रेमलताबाई म्हणाल्या आणि रामाजींच्या कुरडया चटकन बाजूला केल्या. त्या काढूनही चाळीस किलो आणि वर शंभर ग्रॅम भरले. पुढच्या वर्षासाठी बाईंनी साठ किलो सांगून ठेवले. त्या दिवशी त्या घरात जे हसणं झालं ते मी लग्नघरातही ऐकलं नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी पाहणी संपवायला शेवटचा गेलो. ओसरीवर आम्ही चौघे बसलो होतो. प्रणाली नवा फॉर्म भरत होती. खराब झालेल्या कुरडया, वाया गेलेले दिवस, आग लागून होरपळलेली बांधावरची संत्र्याची दोन झाडं. शून्य कुठेच उरलं नव्हतं. शेवटचा रकाना होता तब्येतीचा.

"तिथं टाक शून्य," प्रेमलताबाई म्हणाल्या. "आपल्या घरी कोनी बिमार नाई."

रामाजी सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला.

"प्रणालीची माय, यंदा तू खोकलली नाई."

"काय?"

"दर चैतात खोकलते तू. रातभर उठून बसते. यंदा नाई आला खोकला."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग छातीवर हात ठेवला, जणू तिथे काही हरवलं आहे का ते बघायला. "खरंच वो," त्या म्हणाल्या. "मले आठोनच नाई राहिली. मले वाटे, चैतात येतेच तो. बाईले."

"कधीपासून?" मी विचारलं.

"लग्न होऊन आली तवापासून," उत्तर रामाजींनी दिलं.

मला एकदम वाईट वाटलं. बैल चरून गेला तर दुसऱ्या सकाळी शेत दिसतं. धुराचं हे चरणं कुणाला दिसलंच नव्हतं, आणि जिच्या छातीत होतं तिने ते आपलंच समजून ठेवलं होतं. प्रणालीने पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, काय लिहू?"

मी तो रकाना पुन्हा वाचला. तीस वर्षं मी असे रकाने रुपयांत भरायला शिकवत आलो होतो.

रामाजींनी सुपारी खाली ठेवली. "लिही," ते मुलीला म्हणाले. "सव्वीस चैत. दरसाल काडी म्या बी लावली. आन् कोनाच्या रकान्यात टाकू म्हनून इचारशीन, तं माहं नाव टाक. पुरं टाक. आडनावासकट."

प्रणालीने बापाचं नाव लिहिलं. प्रेमलताबाईंनी ते वाकून वाचलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या, तोंडावर पदर न घेता, पोट धरून. एरवी या दिवसांत त्यांचं हसणं अर्ध्यावरच खोकल्यात जायचं, हे रामाजींनी मला फाटकापर्यंत सोडायला येताना सांगितलं. त्या दिवशी त्या हसल्या ते शेवटपर्यंत हसल्या.